अनघा सिस्टरचे आभार

अनघा सिस्टरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझ्या दिराला झापत होती.

निलेश भाऊजी आयसीयूत आबांच्या खाटेशी उभे राहून व्हिडिओ कॉलवर सगळ्या भावकीला आबा दाखवत होते. आबा म्हणजे माझे सासरे, सोपान आबा. तोंडात नळी, नाकात नळी, हाताला सलाईन, अंगात दवाखान्याचा झगा, तोही एका खांद्यावरून घसरलेला. मी दारात चपला काढून उभी होते. देवळात काढतो तशा सवयीनं काढल्या होत्या.

"दादा, फोन ठेवा," ती म्हणाली.

"अहो सिस्टर, गावाकडं माणसं काळजीत आहेत. मला सांगावं लागतं त्यांना."

"सांगा ना. दाखवू नका. हे उघड्या डोक्यानं चार माणसांत कधी बसले होते का?"

भाऊजींनी फोन खिशात घातला. तोंड लाल झालं होतं. आबा टोपीशिवाय खरंच ओट्यावरसुद्धा येत नसत. ज्या पोरीनं त्यांना उभं राहिलेलंही पाहिलं नव्हतं, तिला हे कसं कळलं, म्हणून मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "ताई, कपाळ बघा की. टोपीखालचा पट्टा तेवढा गोरा आहे." इतकी वर्षं त्यांना ताट वाढलं, पण माझं तिकडं लक्ष गेलं नव्हतं.

आमचं गाव कामशेतच्या पुढं, नाणे मावळात. भात काढून झालं होतं. आबा उडवीवर, म्हणजे भाताच्या गंजीवर, चढून पेंढ्या रचत होते. त्या वयात चढायचं काही कारण नव्हतं, पण दुसऱ्या कुणाला पेंढ्या नीट रचता येत नाहीत असं त्यांचं म्हणणं. पाय सटकला आणि डोकं जोत्याच्या दगडावर आपटलं. मेंदूत रक्त साकळलं होतं. लोणावळ्याच्या एका खासगी दवाखान्यात त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. आमचे हे कंपनीत पाळीवर, म्हणून कागदांवर सही केली ती निलेश भाऊजींनी. जबाबदार नातेवाईक म्हणून दवाखान्याच्या लेखी तेच.

सासूबाई, धोंडाबाई, रोज माझ्याबरोबर यायच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. आत एका वेळी एकालाच सोडायचे. आत्याबाई पहिल्या दिवशी आत गेल्या आणि मशीन वाजलं तशा भिंतीला टेकल्या. अनघानं त्यांचा हात धरून त्यांना आबांच्या उशाशी नेलं.

"आजी, ते वाजतं ते सलाईन संपत आलं म्हणून. घाबरायचं नाही. आबांना घरी काय म्हणता तुम्ही?"

"मी कशाला काय म्हनू? नवऱ्याचं नाव घेतेत व्हय?"

"बरं, मग त्यांना काय आवडतं ते सांगा."

"बैलगाडा. दुसरं काय. माज्यापरीस बैलांवर जीव."

अनघानं चिकटपट्टीचा तुकडा फाडला, त्यावर 'सोपान आबा, बैलगाडा' असं लिहिलं आणि खाटेच्या डोक्याकडच्या दांडीला चिकटवला. प्रत्येक खाटेला तिची अशी पट्टी होती. एका खाटेला 'शिक्षिका, गणित' लिहिलं होतं, एकीला 'चहा जास्त गोड'. पाठ वळवताना, अंग पुसताना ती त्या माणसाशी तेवढंच बोलायची. आबांना म्हणायची, "आबा, उठा, आपल्या बैलांची बारी आली. शर्यतीचा घाट मोकळा झालाय." दुसरे सिस्टर-ब्रदर हसायचे. एकदा आबांची पापणी हलली असं आत्याबाई शपथेवर सांगतात. अनघा म्हणाली, "हलली असेल आजी. पण ती हलली म्हणजे ते उठणार, असं मनात धरू नका." खोटी आशा ती कधी लावायची नाही. आम्हाला तिचा राग यायचा आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारावंसंही वाटायचं नाही.

तिच्याबद्दल मला कळलं ते बाहेरच्या बाकावर, तुकड्यातुकड्यानं. ती इंदुरीची. वडील हनुमंत लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात गुळाच्या कढईवर होते. पाक उलटून हात भाजले तेव्हा त्यांना जिथं नेलं तिथं दिवसभर कुणी पट्टी बदलली नाही. "बदलणारी आली ती फोनवर बोलत बदलून गेली," अनघा म्हणाली. "मी सातवीत होते. म्हटलं, हे काम मला हिच्यापेक्षा बरं जमेल." एवढंच. सेवा, त्याग असले शब्द तिच्या तोंडी कधी आले नाहीत. आई भामाबाई शेतावर मजुरीला जायच्या. धाकटा भाऊ प्रज्ञेश आयटीआय करत होता. वडील गेल्यावर घर तिच्यावरच आलं. सकाळी इंदुरीहून रिक्षानं तळेगाव स्टेशन, तिथून लोकलनं लोणावळा. सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्या आपटल्या, धरणावर पोरं पडली की तिची सुट्टी रद्द.

एक दिवस आत्याबाईंनी तिला विचारलं, "कुनाची गं तू?"

"इंदुरीची, आजी. ओव्हाळांची."

आत्याबाईंचा हात तिच्या हातात होता. तो हात क्षणभर ताठ झालेला मला दिसला. अनघालाही कळला असणार. मग आत्याबाईंनी तो तसाच राहू दिला. तिनं आणून दिलेला चहाही त्या प्यायल्या. मला वाटलं, आमच्या घरातून काहीतरी जुनं निघून गेलं. तेव्हा तसं वाटलं.

मग एका दुपारी डॉक्टरांनी सांगितलं की आता मशीनच चालतंय, माणूस नाही. आत्याबाई घरी गेल्या, देवघरातला गंगेचा गडू घेऊन संध्याकाळी परत आल्या. कुणीतरी काशीहून आणलेला, झाळून बंद केलेला तांब्याचा गडू, तोंड घरीच फोडून आणलेला. पदरात तुळशीचं पान.

"माज्या हातानं दोन घोट जाऊ द्या," त्या म्हणाल्या. डॉक्टर नाही म्हणून निघून गेले. अनघा थांबली.

"आजी, तोंडात पाणी घातलं तर ते छातीत जाईल. त्यांचा जीव गुदमरेल. ते मी नाही करू देणार."

"मंग काय तसंच धाडू?"

अनघानं बराच वेळ गडूकडं बघितलं. मग म्हणाली, "आबांचे ओठ आम्ही रोज ओल्या कापसानं पुसतो. आत्ता पुसायची वेळ आहे. आज तुम्ही पुसा."

मी दारात होते. काच होती मध्ये. अनघानं कापसाच्या बोळ्यावर गडूतले थेंब घेतले, बोळा घट्ट पिळला, आत्याबाईंच्या हातात दिला आणि त्यांचं मनगट आपल्या हातात धरलं. ओठांवरून एकदा, नळीच्या या बाजूनं आणि त्या बाजूनं. पान उशीखाली ठेवलं. आत्याबाईंनी डोळे मिटले होते. त्या काहीतरी पुटपुटत होत्या. मी हात जोडले, ते देवाला की त्या पोरीला, मला सांगता येणार नाही.

आबा दुसऱ्या दिवशी गेले. अनघानं आम्हाला बाहेर थांबवलं, त्यांना पुसलं, दाढी केली आणि दारात येऊन विचारलं, "टोपी आणलीय का?" कुणीच आणली नव्हती. शेवटी रुग्णवाहिकेजवळ उभ्या असलेल्या चुलत सासऱ्यांनी आपली काढून दिली.

दशक्रियेला इंद्रायणीच्या घाटावर खूप माणसं आली. निवडणुका आज लागतील उद्या लागतील असं चाललेलं, त्यामुळं श्रद्धांजलीला पुढारीही बरेच, आणि निलेश भाऊजींनाही यंदा तिकीट हवं होतं. बायकांच्या घोळक्यात आत्याबाई सांगत होत्या, "त्या पोरीनं माज्या हातानं पानी घालू दिलं. घोट गेला." तेराव्याला घोटाचे दोन घोट झाले. कुणी समाचाराला आलं की, "कंठ हालला, मी बघितला," असंही त्या म्हणायला लागल्या. मी ऐकायची. नवरा गेलेल्या म्हातारीला कोण अडवतो? त्या सांगून झाल्यावर शांत व्हायच्या, चार घास खायच्या. मला तेवढं पुरे होतं.

निलेश भाऊजींना मात्र ते ऐकून कल्पना सुचली. आमच्याकडं कुणी जन्मलं, मेलं, निवडून आलं, दहावी झालं की चौकात फ्लेक्स लागतो. कामशेतच्या चौकात आणि लोणावळ्याला दवाखान्याकडं वळतो त्या तोंडावर, असे दोन फ्लेक्स लागले. वर आबा, टोपीतले. डाव्या बाजूला हात जोडलेले निलेश भाऊजी, आबांपेक्षा मोठे. खाली कोपऱ्यात अनघा, कुणाच्या तरी मोबाइलमधून कापून घेतलेली, तोंडावर मास्क. आणि मजकूर: 'अंतिम क्षणी आमच्या आबांना गंगाजल पाजून मोक्षाचा मार्ग मोकळा करणाऱ्या देवदूत अनघाताई यांचे जाहीर आभार.' त्याखाली शुभेच्छुकांची नावं, प्रत्येक जण आडनावासकट.

मी भाऊजींना म्हणाले, "पाजलं नव्हतं हो. ओठांना लावलं होतं."

"वहिनी, फ्लेक्सवर 'ओठांना लावलं' असं लिहितात का? लोकांना भिडलं पाहिजे."

"आणि तिचं आडनाव?"

"ताई म्हटलंय ना? ताईच्या वर काय असतं? मान दिलाय. आडनाव टाकलं की लोक पुढचं वाचत नाहीत."

दोन दिवसांनी अनघाचा फोन आला. हसत होती. "ताई, मी चौकात टांगलीय म्हणे! आईला बाजारात बाया विचारतात, तुजी पोरगी उभी हाय का पंचायतीला? आणि भाऊ विचारतो, देवदूतला पगारवाढ मिळती का. काढायला सांगा हो ते. दवाखान्यातले चिडवतात."

मी भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, महिना तरी राहू दे.

मग पुढचा फोन आला, तेव्हा ती हसत नव्हती.

आबांच्या शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या. त्याही गेल्या होत्या, छातीत पाणी होऊन. त्यांच्या मुलानं दवाखान्याकडं वळताना फ्लेक्स वाचला. गाडी थांबवून फोटो काढला आणि सरळ आत गेला. तुमच्याकडं नळी घातलेल्या माणसाला पाणी पाजतात? माझ्या आईला पण पाजलं होतं का? त्या मुलाचं काय चुकलं? आई गेलेल्या माणसाला असला प्रश्न पडणारच. दवाखान्यानं अनघाला घरी बसवलं आणि खुलासा मागितला.

"मी जे झालं ते सांगितलंय," ती म्हणाली. "पण ते म्हणतात, नातेवाईकच जाहीर लिहितात पाजलं म्हणून. ताई, निलेशदादांनी येऊन एवढंच सांगायचं, की पाणी पाजलं नाही, लिहिताना चूक झाली. त्यांची सही आहे कागदावर, त्यांचं ऐकतील. नाहीतर माझी नोकरी जाते आणि पुन्हा कुठल्या आयसीयूत घेणार नाहीत."

भाऊजी जेवत होते. मी सगळं सांगितलं. आमचे हे पण म्हणाले, "जा की, निल्या. दोन वाक्यं बोलायचीत."

"दादा, मी चौकात खोटं लिहिलं असं लिहून देऊ? उद्या विरोधक तोच कागद माझ्या फ्लेक्सशेजारी लावतील. बापाच्या मरणावर खोटं बोलला म्हणतील."

"मग बोललात ना खोटं," मी म्हणाले.

त्यांनी ताटावरून मान वर केली. "वहिनी, तिनं मला आयसीयूत सगळ्यांसमोर काय सुनावलं, ते विसरलात काय? तेव्हा नियम बोलत होती. आता नियमानंच होऊ द्या."

त्यांना तो फोन अजून आठवत होता. मी पुढं वाढायचं थांबवलं आणि आत गेले. देवापुढं बसले, माळ हातात घेतली. एक मणी पुढं सरकला नाही. मग ठरवलं की भाऊजी नाहीत तर आत्याबाईंना न्यायचं. बोळा त्यांच्याच हातात होता. त्यांच्याइतकं खरं कोण सांगणार?

कामशेतहून लोकलनं गेलो. आत्याबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. गाडीत मी समजावत होते, "आत्याबाई, एवढंच सांगायचं. ओठ पुसले. पाणी आत नाही गेलं."

"व्हय गं, सांगते की. पोरगी देव हाय म्हनून सांगते. सायबाच्या तोंडावर सांगते."

दवाखान्याच्या ऑफिसात व्यवस्थापक होते, त्यांच्या बाजूला मेट्रन बाई. भिंतीशी अनघा उभी होती, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. गणवेशाशिवाय ती मला फार लहान दिसली. आम्हाला बघून तिचा चेहरा उजळला.

आधी मी बोलले. व्यवस्थापकांनी विचारलं, "तुम्ही खाटेजवळ होतात?"

"दारात. काचेतून पाहिलं."

"म्हणजे आत नव्हतात." ते आत्याबाईंकडं वळले. आवाज मऊ होता, तेवढं खरं. "आजी, तुम्ही सांगा. सिस्टरनी आजोबांच्या तोंडात पाणी घालू दिलं का?"

"देव हाय ती पोर," आत्याबाई म्हणाल्या. "माज्या पोटच्यांनी केलं न्हाई ते तिनं केलं."

"ते बरोबर. पण पाणी तोंडात गेलं का?"

आत्याबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी मान हलवली, नाही म्हणा.

"आजी, आठवून बघा," अनघा हळूच म्हणाली. "कापूस मी पिळून दिला होता ना तुमच्या हातात? तुम्ही फक्त ओठांवरून फिरवलात."

आत्याबाईंनी तिच्याकडं बघितलं आणि त्यांचं तोंडच बदललं. इतका घाबरलेला चेहरा मी आबा पडले त्या दिवशीही पाहिला नव्हता.

"मंग ते तसंच गेलं व्हय गं?" त्या म्हणाल्या. "कोरड्या तोंडानं? येवढी साठ वर्सं संसार केला, आन मी त्येंला पान्याबिगर धाडलं? न्हाई. न्हाई. दोन घोट गेलं. कंठ हालला. तू बी व्हतीस, सांग की त्येंला. गेलं का न्हाई पानी?"

व्यवस्थापक लिहायचं थांबून अनघाकडं बघत होते. मेट्रन बाई खाली बघत होत्या. मला वाटलं ही आता सांगेल. सांगायलाच पाहिजे. तिचं घर, तिचा भाऊ, तिचं सगळं शिक्षण त्या एका वाक्यावर होतं.

अनघा पुढं आली आणि आत्याबाईंच्या खुर्चीशी वाकली.

"गेलं, आजी," ती म्हणाली. "कोरड्या तोंडानं नाही गेले आबा."

व्यवस्थापकांनी ते लिहून घेतलं.

मी मध्ये बोलले. म्हणाले, साहेब, ती म्हातारीसाठी म्हणतेय, तुम्हाला कळत कसं नाही? ते म्हणाले, "ताई, मला कळतंय. पण मला कळून उपयोग नाही. उद्या तो मुलगा कोर्टात गेला तर मी तिथं काय दाखवू? तिघींपैकी दोघी पाणी पाजलं म्हणतायत." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. माणूस वाईट नव्हता. तिथं कुणीच वाईट नव्हतं, आणि तिची नोकरी गेली.

जिन्यात मी अनघाला गाठलं. आत्याबाई खाली बाकावर बसून माळ ओढत होत्या, तोंडावर समाधान.

"सिस्टर, असं का केलंत?"

"तुम्ही त्यांना का आणलंत, ताई?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मी निलेशदादांना बोलावलं होतं. आजींना कोण म्हणालं होतं? त्यांना असं विचारायचं असतं का? आता मी 'नाही' म्हटलं असतं तर त्या रोज जेवताना तेच गिळत बसल्या असत्या. मी बघितलीत तसली माणसं. वर्षानुवर्षं येतात आणि विचारतात, त्यांना त्रास झाला का हो, पाणी मागितलं का हो." मग ती भिंतीकडं वळली. म्हणाली, "आजींना यातलं काही सांगू नका. माझी नोकरी आहे म्हणून सांगा."

पुढं भाऊजींना तिकीट मिळालं नाही. त्याचा मला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली नाही. देवाला मी तसं सांगितलंय.

मी एकदा इंदुरीला गेले. फळं आणि साडी घेऊन. भामाबाई दारातच होत्या. बसायला खुर्ची दिली, चहा दिला, सगळं रीतसर. साडी बघून म्हणाल्या, "ही घिऊन जा, ताई. आमाला तुमच्याकडचे आभार पुरं झालं."

"अनघा कुठंय?"

"लोनावळ्याला. बंगल्यात एका म्हातारीचं करती. हागणं-मुतणं. शिकलेली हाय, हात चांगला हाय, म्हनून ती म्हातारी खूश. आयशीयूत कोन घेत न्हाई आता. मागच्या दवाखान्याला फोन लावत्यात, आन पुन्यांदा हिला फोन येत न्हाई." त्यांनी माझा रिकामा कप उचलला. "तुमच्या सासूबाई बऱ्या हायेत का? पोर इचारती अधनंमधनं."

"बऱ्या आहेत," मी म्हणाले. "झोप लागते."

"लागंल की," भामाबाई म्हणाल्या आणि कप विसळायला आत गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत. मी थोडा वेळ बसले आणि साडी घेऊन निघाले.

आता आबांचं वर्षश्राद्ध आलंय. काल मी भाकऱ्या करत होते. आत्याबाई चुलीशी येऊन बसल्या.

"वर्साला त्या पोरीला जेवायला बोलीव," त्या म्हणाल्या. "तिचं उपकार हायेत. दवाखान्यातनं रजा घ्यायला सांग एक दिस."

"बरं."

"आन हे बघ," त्या जरा जवळ सरकल्या, आवाज बारीक केला, जणू फार मोठी गोष्ट देत होत्या. "ताट आपल्यातलंच काढ तिला. येगळं नगं. तिच्या हातनं त्येंच्या तोंडात पानी गेलंय, आता आपन काय पाळायचं?"

तव्यावरची भाकरी फुगली होती. मी ती उलटली.

"ती नाही यायची, आत्याबाई," मी म्हणाले.

"का गं? आपलं काय चुकलं?"

आजींना सांगू नका, असं अनघानं मला बजावलं होतं. मी पुढची भाकरी थापायला घेतली.